सहा वाजेपर्यंत

रंगनाथने पांढरा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि दारातला चपलांचा ढीग पाहून तो जागीच थबकला.

"नूरुद्दीन शेख यांचं घर?"

"त्यांनाच आत्ता नेलं," अल्मास म्हणाली. तिच्या भावाचा जनाजा भिंगारच्या कब्रस्तानाकडे निघून अर्धा तासही झाला नव्हता.

रंगनाथ पुण्याच्या प्रयोगशाळेची गाडी घेऊन आला होता. डब्यात लस होती. महिन्यापूर्वी नूरुद्दीनच्याच रक्तातून पेशी काढून त्यांना कॅन्सरची गाठ ओळखायला शिकवलं होतं. त्या परत अंगात गेल्या, की रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना गाठीवर सोडणार होत्या. लष्कराच्या गेटवर पहारेकऱ्याला संशयिताचा फोटो दाखवून ठेवतात ना, तसंच हे, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. सारं घर महिनाभर या डब्याकडे डोळे लावून बसलं होतं.

"दुसऱ्या कुणाला चालंल का?" अल्मासने विचारलं.

"न्हाई. ज्याच्या त्यालाच. पेशी सहापर्यंत जित्या राहत्यात, मग फेकायच्या. डबा परत न्यावा लागंल मला."

आतून मुमताज आली. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नवऱ्याचा तो डबा तिने उचलला आणि मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली.

"मी भाईर थांबतो," एवढंच म्हणून रंगनाथ वळला.

जनाजा गेल्यावर बाईच्या बांगड्या उतरवायच्या आणि ते काम नणंदेने करायचं, ही घरची रीत. अल्मासला ते झटपट उरकायचं होतं. लांबलं तर आपलाच धीर सुटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेलाची वाटी घेऊन ती भावजयीपुढे बसली.

"भाभी, हात द्या."

"सहा वाजू दे."

"बायका खोळंबल्यात."

"तो म्हनला ना, जित्या हायेत. तुज्या भाईच्याच हायेत त्या. मग आत्ताच कशा उतरवू?"

अल्मासला चीड आली. माणूस मातीआड गेला आणि ही डबा कुरवाळत बसली आहे. बायका एकेक करून उठून गेल्या. वाटीतलं तेल तसंच राहिलं. मग केव्हातरी अल्मासने डब्यावर हात ठेवला. डबा गार होता. तिने हात काढला नाही.

रंगनाथ दारात येऊन उभा राहिला. मुमताजची घड्याळाकडे पाठ होती.

"किती वाजले, अल्मास?"

अल्मासने वर पाहिलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"पावनेसहा," ती म्हणाली.

रंगनाथने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि मुकाट्याने परत गाडीत जाऊन बसला.