पेरलेली टक्कर

लोखंडी पान्याचा पहिला फटका शंकासुराच्या खांद्यावर बसला आणि दुसरा डोळ्यावर. चष्म्याची काच फुटल्याचा आवाज ताईनं स्वतःच्या कानांनी ऐकला. ती दोन पावलांवर उभी होती. एक खरा शब्द बोलली असती तर दुसरा फटका बसलाच नसता. ती बोलली नाही.

भांडण ताऱ्यांवरून होतं. हसू नका, माणसं याहून फालतू कारणांवरून एकमेकांचे गळे धरतात. त्या प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेले लांबच लांब पाइप होते आणि त्यांच्या टोकांना काचेच्या तंतूंवर टांगलेले आरसे. दूर कुठेतरी दोन विझलेले तारे एकमेकांवर आदळले, की त्या धक्क्यानं हे आरसे कणभर हलायचे; कणभर म्हणजे इतके, की कण हा शब्दही फार मोठा. ते हलणं टिपायला माणसं वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेली. ती सुस्तावू नयेत म्हणून तिथं एक रीत होती. मधूनच एखाद्यानं यंत्रानं आरशाला गुपचूप धक्का द्यायचा, खोटी टक्कर पेरायची. पेरणारा कोण, हे फक्त थोरल्या साहेबांना ठाऊक. सगळ्यांचा निकाल समोर येईपर्यंत त्यानं ब्रसुद्धा काढायचा नाही, घरच्यांजवळही नाही.

या खेपेला पेरणी ताईच्या वाट्याला आली होती. आणि ती टिपली नेमकी तिच्या धाकट्या भावानं.

धाकटा लहानपणापासून तापट. पत्त्यांत हरला तर पत्ते फाडायचा. मागे एकदा त्यानं ‘तारे आदळले’ म्हणून सगळ्यांना गोळा केलं होतं आणि तो निघाला बाहेरच्या रस्त्यावरून गेलेला ट्रक. तेव्हापासून कँटीनमध्ये कुणीतरी विचारायचंच, “काय रे, आज ट्रक आला का?” या वेळी त्यानं ते हलणं आवाजात बदलून स्पीकरवर लावलं. खालून घुमत येणारा, चढत जाणारा सूर आणि शेवटी टुक्. त्यानं ताईला मिठी मारली, चक्क रडला. “ताई, या वेळी ट्रक नाही गं!”

ताईनं त्याची पाठ थोपटली. नियम आहे, गप्प बस, असं तिनं स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर इतका आनंदी तो तिला कधी दिसलाच नव्हता आणि तो आनंद आपल्या हातानं मोडायची तिची छाती झाली नाही.

मोडला शंकासुरानं. धाकट्याचा कॉलेजपासूनचा मित्र, भिंतीवरचं घड्याळ बघूनही “हे बरोबर आहे कशावरून?” म्हणणारा, म्हणून हे नाव. पंपांच्या खोलीत धाकटा पाइपचे बोल्ट आवळत होता, ताई शेजारी उभी होती. शंकासुर आला आणि म्हणाला, “तुझा तो सूर फार स्वच्छ आहे रे. खऱ्या टकरीत आरसा असा सुरात हलत नाही. पेरलेला आहे.”

“तुला जळायला काय होतंय?”

“जळतोय कशाला? ट्रकवर भाळणारा गडी मिळाल्यावर पेरणाऱ्याला आणखी काय हवं!”

पाना हातातच होता. शंकासुर खाली कोसळला तसा धाकटा त्याच्या छातीवर बसला. “बोल, खरा आहे! बोल!” मग मान वळवून ओरडला, “ताई, तू सांग याला! खरा आहे की नाही?”

खालून शंकासुरही तिच्याकडेच बघत होता.

“अरे, सोड त्याला,” ताई म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग दुसरा फटका बसला. डोळा गेला. शंकासुरानं तक्रार मात्र केली नाही. “निकालाच्या दिवशी बघू,” तो म्हणाला, “टक्कर खरी निघाली तर मी त्याची माफी मागेन. खोटी निघाली तर त्यानं मागावी.” ताईला रात्र रात्र झोप लागेना. आता तोंड उघडलं तर तेव्हा का नाही उघडलंस, असं सगळे विचारणार, याची तिला भीती वाटत होती.

निकालाच्या दिवशी सभागृह भरलं. थोरले साहेब म्हणाले, “पेरणाऱ्यानं उभं राहावं.”

ताई उभी राहिली. “मी पेरली.”

धाकट्याच्या तोंडावरचा रंग उडाला. शेजारच्यांनी खुर्च्या मागे ओढल्या, कारण सगळ्यांची नजर त्याच्या हातांवर होती. पण तो शंकासुरासमोर गेला आणि त्यानं हात जोडले. “चुकलो रे.”

शंकासुरानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ताईपुढे येऊन उभा राहिला.

“हा माझ्या छातीवर बसला होता. तुला विचारत होता.”

“नियम होता,” ताई म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिला शिसारी आली.

शंकासुराची मूठ तिच्या तोंडावर बसली. ती खुर्चीसकट मागे पडली, जीभ दाताखाली आली, हनुवटीवरून रक्त ओघळलं. लोक ओरडले, पण जागचं कुणी हललं नाही. ताईनं भावाकडे पाहिलं. शाळेत तिची वेणी ओढणाऱ्या पोराचा यानं हात मोडला होता.

धाकटा दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“मी तुला विचारलं होतं ना गं, ताई?” तो म्हणाला, आणि शंकासुराला वाट देऊन बाजूला सरकला.