मोराच्या नावानं टांगलेली कविता

मी पुठ्ठ्याची माळ बोलतेय. फुलांची नव्हे हं! बाराशे पत्ते, एकाला एक सुतळीनं बांधलेले, आणि अंगावर भोकंच भोकं. आज मी इतकी खुशीत आहे की कुठून सुरू करू तेच सुचेना. काल मला मागावर चढवलं हो! जन्मात पहिल्यांदा, तेही या वयात!

चादरीवर मोर कसा उमटतो, ठाऊक आहे का? नुसते पांघरता. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र असतं, माझा एकेक पत्ता त्याच्यापुढून सरकतो. भोक असेल तिथला दोरा उठतो, कोरं असेल तिथला खाली राहतो. एवढीच माझी विद्या.

मला जन्म दिला नागनाथनं. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात पत्त्यांना भोकं पाडणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. बाकी तो कवी, आणि विचार करायचं तर त्याला व्यसनच. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना गोळा करून सांगायचा, "भोक म्हंजे व्हय, कोरं म्हंजे न्हाय. न्हाय म्हणणारं कुणीच नसंल तर नक्षी उमटंल का?" हुकूम मालकाचा असो नाहीतर सरकारचा, हा आधी विचारणार, का म्हणून? लोक त्याला 'का म्हणून' म्हणूनच हाक मारायचे, चिडवायचे आणि त्याच्या कविता पाठ करून घरी जायचे.

मग आणीबाणी आली. छापखानेवाले त्याला दारातूनच हात जोडायला लागले. तर या बहाद्दरानं काय करावं? नवीन मोराची नक्षी काढतोय असं मालकाला सांगितलं आणि माझ्यात अख्खी कविता पाडली! तीही उलट्या अक्षरांत, म्हणजे वरून बघणाऱ्याला वेलबुट्टी वाटावी. मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. माझ्या गळ्यात 'मोर' लिहिलेली लाकडी चकती अडकवून त्यानं मला बाकीच्या माळांच्या रांगेत टांगलं.

पण मी मागावर जायच्या आधीच त्याला धरून नेलं. मागं राहिली त्याची बायको चांगुणा. ती चादरींच्या कडा शिवायची. तिला वाचता येत नव्हतं, नागनाथनं तिचं स्वतःचं नाव तेवढं गिरवायला शिकवलं होतं. घराची झडती होणार असं कानावर आलं, तशी नवऱ्याला वाचवायचं म्हणून तिनं त्याच्या सगळ्या वह्या चुलीत घातल्या. सात वह्या. कशात काय लिहिलंय ते तिला कुठं कळत होतं?

नागनाथ सुटून आला तो खोकतच. वह्यांवरून तो तिला एका शब्दानं बोलला नाही. मोराच्या नावानं एक कविता टांगून ठेवलीय, ती राहिलीय, एवढंच सांगितलं. पण मालकानं त्याला फाटकातच घेतलं नाही, आणि वर्षभरात नागनाथ गेलाच.

मला माळ्यावर फेकलं. उंदरांनी कडा कुरतडल्या. मला राग आला का? आला की! बाराशे पत्त्यांचा राग आला.

चांगुणा मात्र दर खंडेनवमीला यायची. त्या दिवशी माग बंद, यंत्रांची पूजा आणि फाटक सगळ्यांना उघडं. पूजेशी तिला देणंघेणं नव्हतं. जुनी मोराची माळ सापडली का, एवढं ती विचारायची. नाही म्हटलं की निघून जायची. मी वरून तिचा आवाज ऐकायची. दर वर्षी तो थोडा बारीक झालेला असायचा.

यंदा मालकाचा मुलगा चन्नवीर नवा कंप्युटरचा जकार्ड बसवतोय. खंडेनवमीच्या साफसफाईत माळा रिकामा केला आणि माझी रवानगी रद्दीच्या ढिगात झाली. तेवढ्यात फाटकात चांगुणा! चन्नवीरनं लहानपणापासून तिला बघितलेलं. तो ढिगात शिरला, एकेक चकती वाचत सुटला आणि मला ओढून बाहेर काढलं. मी तर रडलेच असते, पण पुठ्ठ्याला पाणी चालत नाही.

काल त्यानं शेवटचा जुना माग सुरू केला. चांगुणा आली, सोबत नात धम्मप्रिया. ही कॉलेजात शिकवते. लोकांच्या तोंडी राहिलेल्या आजोबांच्या ओळी गोळा करत वळसंगपासून कुर्डुवाडीपर्यंत फिरते. खटाखट, खटाखट! मधूनच माझा एखादा पत्ता फाटत होता, पण थांबले नाही. एकदाच जायचं होतं मला त्या यंत्रावरून.

चादर निघाली, आणि तिच्यावर नुसती वेलबुट्टी. उंदरांनी वाट लावली, असं चन्नवीर म्हणाला. धम्मप्रियाचा चेहरा उतरला. मी जीव तोडून ओरडत होते, अहो, पलटा की! पण माझं ऐकतो कोण?

चांगुणा म्हणाली, आणा इकडं, आलेच आहे तर कड तरी शिवते. कड शिवणारी बाई चादर आधी पालथी घालते आणि कारखान्याच्या नावाचा कोपरा शोधते. शिवण तिथूनच सुरू. नागनाथला हे ठाऊक होतं!

चांगुणानं चादर पालथी घातली, कोपरा धरला आणि हात थांबला. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"प्रिया," ती म्हणाली, "हे माजं नाव हाय."

कारखान्याच्या नावाच्या जागी 'चांगुणा'. धम्मप्रियानं झटकन अख्खी चादर उलटी पसरली आणि वाचायला लागली:

सगळेच दोरे उठले असते
तर चादर कोरीच निघाली असती.
ऊठ म्हटल्यावर जो उठला न्हाय
त्याच्यामुळं मोराला डोळा आला.

चांगुणा खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सात जाळल्या मी. ही आठवी माज्या हातातच येणार, हे त्याला ठावं हुतं की." आणि सोलापूरच्या त्या रणरणत्या दुपारी तिनं चादर अंगभर पांघरली. काढेचना!

आता माझे सतरा पत्ते फाटलेत, मी काही पुन्हा मागावर जायची नाही. चन्नवीर ही कविता कंप्युटरमध्ये घालणार आहे, धम्मप्रियाला आणखी चादरी हव्यात. करा, भरपूर करा! मला रद्दीत टाकलंत तरी आता माझी तक्रार नाही. फक्त एक करा. कोपऱ्यातलं ते नाव काढून तिथं कारखान्याचं घाला असं कुणी म्हणालं, तर आधी त्याला विचारा, का म्हणून?