कठड्याच्या अलीकडे

"कुशातात्या, तुळसाचा निरोप हाय," होडी खुंटाला बांधता बांधता चांगू तारी म्हणाला. "म्हनली, बाला सांग, न्यायला ये."

दासगावच्या बंदरावर मिठाच्या गोण्यांवर ताडपत्री ओढत असलेला कुशाबा थांबला नाही. गाठ नीट मारली, ओढून पाहिली, मग विचारलं, "कशी हाय?"

"पाय सुजल्यात. अंगात ताप. तोंड वळखू येत नाय, तात्या."

भाकरी घेऊन आलेली ठकूबाई मागेच उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी गेलतो ना मागं," कुशाबा म्हणाला. "नाय म्हनले. माल कठड्यापल्याड गेला."

हे त्याचं नेहमीचं बोलणं. उमेदीची सगळी वर्षं त्यानं मुंबईच्या गोदीत काढली होती. एकदा क्रेननं उचललेली पेटी साखळी सुटून धक्क्यावर त्याच्या पायावर आली. साहेब लोक धावले, ते पेटी जहाजाच्या कठड्याच्या अलीकडे पडली की पलीकडे, हे बघायला. तो सौदा होता एफोबीचा. त्या रीतीत माल कठड्यावरून पलीकडे गेला की पाठवणारा मोकळा; अलीकडे पडला तर नुकसान त्याचं. पेटी अलीकडे पडली होती. पाय कुणाच्या बाजूला पडला, याचा निकाल काही लागला नाही.

लंगडा पाय आणि तोंडभर शब्द घेऊन कुशाबा गावी आला आणि बंदरावर राखणीला बसला. गाव त्याला एफोबी म्हणू लागलं, तर त्याला ती पदवीच वाटली. पाहुणा दोन दिवसांवर राहिला की तो विचारी, "डॅमरेज लावू का?" माल वेळेत उचलला नाही तर गोदी दंड लावते, तो डॅमरेज. आणि तुळसाला खांद्यावरून उतरवताना म्हणे, "आरिया, आरिया." माल सावकाश खाली सोड म्हणून क्रेनवाल्याला द्यायची ती हाळी. पुढे तुळसा पाण्याला जाऊ लागली तेव्हा डोक्यावरचा हंडा उतरवताना आपल्याशीच "आरिया" म्हणायची आणि हसायची.

मागच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पलीकडच्या काठाला. वऱ्हाड याच बंदरावरून होडीत बसलं. बायका रडत होत्या. कुशाबा मुद्दाम मोठ्यानं बोलला, "गोमाजी व्याही, एफोबी हां. कठडा वलांडला का माल तुमचा." सगळे हसले. नाक पुसता पुसता तुळसाही हसली. रडू लपवायला माणूस काय वाटेल ते बोलतो; ऐकणारा त्यातलं सोयीचं तेवढं ध्यानात ठेवतो.

आषाढात तो तिला आणायला गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला हवं? पण लावणी चालली होती आणि गोमाजीला शेतात हात हवे होते. ओटीवर चार माणसांत त्यानं पान जुळवलं, चुना लावला आणि म्हणाला, "व्याही, तुमीच म्हनाला व्हता ना? कठडा वलांडला, माल आमचा." चौघे हसले. त्यांच्याबरोबर कुशाबाही हसला. दारात तुळसा उभी होती, कोपरापर्यंत चिखल, आणि आत तिचं बोचकं बांधून तयार. "लावनी झाली का येतो गो," असं तिला म्हणून तो परतला होता.

ठकूबाईनं भाकरीचं फडकं गोणीवर ठेवलं.

"तुमच्या गोदीत समदा माल असाच सोडून देत्यात?"

कुशाबानं ताडपत्रीची गाठ पुन्हा ओढून पाहिली. "नाय. दुसरी बी रीत हाय. एक्सशिप म्हनत्यात. पल्याडच्या बंदराला उतरंस्तवर माल पाठवनाऱ्याचाच. बुडला, सडला, समदं त्याच्या डोक्यावर."

"मंग लेकीच्या टायमाला ती कशी नाय आठवली?"

ठकूबाईनं काष्टा आवळला, चिखलातून चालत गेली आणि होडीत बसली. जन्म खाडीकाठी गेला, पण पाण्याच्या भीतीनं ती कधी होडीत बसली नव्हती. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून म्हणाली, "चांगू, सोड."

"उतर तू," कुशाबा म्हणाला. "मी जातो. सोनबाला गाडी जुपायला सांग. पेंढा घाल बक्कळ. तशीच महाडला न्यायची, दवाखान्यात."

या खेपेला गोमाजीनं पान जुळवलं नाही. "न्या," एवढंच म्हणाला. माल नासायला लागला की घेणाऱ्याला पाठवणारा आठवतो.

घोंगडीत घालून तिला होडीपर्यंत आणली. पोटाएवढंच काय ते वजन. बाकी तुळसा कुठे उरलीच नव्हती. कुशाबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि टोपीनं वारा घालू लागला.

"बा," ती डोळे न उघडता म्हणाली, "लई दिस ऱ्हायले तर डॅमरेज लागंल का रे?"

"तुला नाय गो."

तिचा ओठ जरासा हलला. मग ती झोपल्यासारखी पडून राहिली. पाण्याला ओढ होती, चांगू वल्ह्यावर वाकला होता. त्यानं मान वर केली तेव्हा कुशाबाच्या हातातली टोपी थांबली होती. मनगट धरून तो नुसता बसला होता.

वल्हं थांबलं. होडी हळूहळू फिरू लागली. सासुरवाशिणीला अग्नी सासरचा, ही रीत चांगूला ठाऊक होती. शिवाय तो काठ अजून जवळ होता.

"तात्या," त्यानं हलकेच विचारलं, "कंच्या काठाला?"

कुशाबानं एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे.

"आपल्या. उतरंस्तवर आपलीच."

बंदरावर सोनबाची गाडी जुपून उभी होती. ठकूबाई पाण्याच्या कडेशी येऊन थांबलेली. चांगूचं वल्हं सावकाश पडत होतं, कसलीच घाई नसल्यासारखं. तेवढ्यावरून ती काय ते समजली. मागे फिरली आणि गाडीतला पेंढा हातानं सारखा करू लागली.

माणसं चिखलात उतरली. कुशाबानं लंगडा पाय आधी होडीच्या काठावरून बाहेर टाकला, मग दुसरा, आणि घोंगडीखाली दोन्ही हात घातले. वरून चौघांनी उचललं. होडीच्या काठावर येताच घोंगडीला जरा हिसका बसला.

"आरिया," कुशाबा म्हणाला. कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. "आरिया... आरिया."