पहिला घाव

दंग्यात पलटणीने झाडलेली गोळी मंजुळेच्या दंडाला चाटून गेली. जखम भरली, पण भीती हटेना. तिचा नवरा कुशाबा गिरगावात तांब्याचे हंडे घडवायचा. त्याचा हातोडा गोळीसारखा वाजला की ती भिंतीशी अंग चोरून बसे. त्याने काम थांबवलं, तरी शेजारच्या तांबटांच्या दुकानांतून तेच आवाज येत.

एका सकाळी त्याने हातोडा तिच्यापुढे धरला. "तू मार. कधी वाजवायचं, ते तूच ठरव."

"अहो, नको!"

"मी हंडा धरलाय ना."

तिने हातोडा हातात घेतला. मग डोळे गच्च मिटून तिने घाव घातला. हंडा ठणठणला, पण ती पळाली नाही.

त्यानंतर कुशाबा प्रत्येक घावाआधी "मारतोय गं" म्हणायचा, आणि ती पदर मुठीत आवळून जवळ बसून राहायची.