कॉलरीतलं नाव

चाकणला ज्या लाँड्रीत मी कामाला हाय, तिथं कंपन्यांचे युनिफॉर्म धुवायला येत्यात. हरेक शर्टाच्या कॉलरीत बटनाएवढी चिप शिवलेली. टेबलावर शर्ट ठिवला की यंत्र ‘टूं’ करतं आन् पडद्यावर नाव येतं. शर्ट कुणाचा, कितींदा धुतला, मेल्याला समदं ठावं.

आमच्या वक्ताला असलं काय नव्हतं. पुनावळ्यात खोल्यांपुढं एकाच दोरीवर समद्यांचे निळे शर्ट वाळायचे. आमच्या मालकांच्या कॉलरीत मी लाल दोऱ्यानं फुली घालायची. तरीबी एकदा घाईत ते शेजारच्या कोंडाजीचा शर्ट घालून फर्स्ट शिफ्टला गेले. कोंडाजी म्हंजे वीतभर माणूस! बटनं लागंनात. दिवसभर अख्खी कंपनी ‘काय कोंडाजीराव’ म्हणून चिडवत व्हती. घरी येऊन माझ्यावरच डाफरले, "फुली बघून देता येत न्हाई व्हय गं?"

"आन् तुमी डोळं कंपनीत ठिवून आलाव का?" मी म्हणलं. मग हसून हसून दोघांची मुरकुंडी वळली. ते दिस लई आठवत्यात.

गेल्या माघात मालक गेले. त्यांचा एक शर्ट तवा आमच्याच लाँड्रीत आलेला. रीत अशी, की माणूस गेला की शर्ट फाडून मशिनी पुसायच्या चिंध्या करायच्या. माझ्या हातानं त्यांच्या शर्टाच्या चिंध्या? छ्या! मागून बघितला, तर सायेब म्हणला, नियम हाय. चोरून न्यावा, तर घावल्यावर नोकरी जाणार.

जाऊ दे गेली तर! गेटावरचं यंत्रबी चिप ओळखतं, म्हणून कातरीनं ती उसवली, शर्ट डब्याच्या पिशवीत कोंबला. आता चिप तेवढी फेकायची. पर तीच ठिवली की पडद्यावर त्यांचं नाव यायचं. कशी फेकवंल? पदराच्या गाठीत बांधली.

गेटावरचं यंत्र बोंबललं. वॉचमन रंगराव, आमच्याच खोल्यांत राह्यलेला माणूस, पडद्यावर वाकला.

"वहिनी, कुणाचं नाव आलंय, ठावं हाय ना?"

नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलेलं, पुन्हा जन्मात न्हाई. डोळं भरून आलं, पर बोलले.

"मालोजी हायेत. शिफ्ट सुटली त्यांची. घरी नेते."

रंगरावानं बटन दाबून यंत्राची बोंब बंद केली आन् फाटक उघडलं.