केसभर उंच दाढ

कवळीताई रोज सकाळी देवाकडे दोन गोष्टी मागायची. पहिली, प्रभू, माझ्या मनाला शांती दे. दुसरी, माझ्या भावाचे दात त्याच्याच घशात घाल. एकाच तोंडाने, एकाच दमात, आणि वर आमेन. आता बोला!

दाताच्या कवळ्या करणं हा तिचा धंदा, म्हणून तिला सगळे कवळीताई म्हणत. आणि भावावर एवढा राग का? तर आई गेली तेव्हा त्याने हिला कळवलंच नाही. ही पोचली तेव्हा कबरीवरची मातीसुद्धा सुकली होती. त्याला सहा वर्षं झाली. चर्चमध्ये पाळक दर रविवारी सांगायचे, क्षमा करा, शांती आपोआप येईल. ही पुढच्या बाकावर बसून मान डोलवायची आणि मनात म्हणायची, "आधी दात, मग शांती."

आणि घ्या! एका मंगळवारी डॉक्टरांकडून हिरड्यांचा ठसा आला. चिठ्ठीवर भावाचं नाव. वरचे, खालचे, सगळे दात गेलेले. कवळीताई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

मग ती कामाला लागली. मेणात एकेक दात असा बसवला की नवरदेवाने मिरवावा. फक्त डावीकडची शेवटची दाढ तिने केसभर उंच ठेवली, चांगली जाणूनबुजून. घास चावला की कळ थेट कानात जाणार. डॉक्टरांचा तिच्या हातावर एवढा भरवसा, की ते तपासायचेही नाहीत. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

मग ती तक्रारीची वाट बघत बसली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तक्रार नाही की निरोप नाही. तिचा जीव नुसता खालीवर व्हायला लागला. शेवटी तिनेच डॉक्टरांना फोन लावला.

"अहो, कालच बघितलं," डॉक्टर म्हणाले. "हिरडीला केवढी जखम! इतके दिवस बोलला का नाहीत विचारलं, तर म्हणतात, कवळी माझ्या बहिणीने केलीय. तिला काही बोलू नका, मला लागायलाच हवं."

कवळीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला धड सूडही घेऊ देत नाही! स्वतः संत होऊन मोकळा, आणि पापाचं गाठोडं माझ्या डोक्यावर! दात घासायचं छोटं यंत्र आणि चाव तपासायचा निळा कागद तिने पिशवीत कोंबला आणि तडक त्याचं घर गाठलं.

भावाने दार उघडलं. डावा गाल सुजून टम्म झाला होता.

"काढ ती," ती म्हणाली.

त्याने कवळी काढून तिच्या हातात दिली. गाल आत गेले, आणि त्याचा चेहरा थेट आईचा झाला. शेवटी शेवटी आई अशीच दिसायची.

"जाताना आई काय म्हणाली होती?" तिने विचारलं. "खरं सांग, दादा."

"पोरगी येईपर्यंत मला नेऊ नका, म्हणाली," भाऊ बोळक्या तोंडाने म्हणाला. "मी नेलं. आपलं भांडण झालं होतं ना. तू दारात उभी राहिलेली मला बघवली नसती."

कवळी तिच्या मुठीत होती, खाली दगडी फरशी होती. एकदा आपटली असती तर तुकडे झाले असते. हात वर गेलासुद्धा. देवा, आता तुझ्याकडे मागू तरी काय, असं तिच्या मनात आलं.

बऱ्याच वेळाने हात खाली आला. तिने कवळी त्याच्या तोंडात परत बसवली, निळा कागद दातांमध्ये धरला. "चाव."

तो चावला. दाढेवर निळा डाग उमटला. तेवढा तिने घासला, फुंकर मारली, कवळी पुन्हा बसवली.

"अजून दुखतंय?"

"थोडं," भाऊ म्हणाला.

"मलाही," कवळीताई म्हणाली. "दे इकडे, अजून घासते."