साखरीची मान

जळगाव जामोदमध्ये नवरदेव कुणीही असो, लोक बघायला यायचे ते पुंजाजीच्या घोडीला. साखरी तिचं नाव. बँडच्या ठेक्यावर ती अशी नाचायची की फेटा सांभाळता सांभाळता नवरदेवाला घाम फुटे. त्यात यंदा तिने मान वर फेकायची नवी अदा सुरू केली. लोक टाळ्या पिटत आणि पुंजाजी छाती फुगवून सांगे, "म्या नाही शिकवलं बरं! तिनंच बसवलं."

एका लग्नात पाहुणी म्हणून आलेली जनावरांची डॉक्टर मनाली मात्र टाळ्या वाजवेना. ती सरळ बँडवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली. "दोन मिनिटं थांबा," म्हणाली, "आणि काका, तुम्ही घोडी चालवा."

पुंजाजीने लगाम धरून तिला चालवलं. वाजंत्री बंद, तरी मान वर जातच होती. पुढचा डावा पाय टेकला की वर, पुन्हा टेकला की पुन्हा वर.

"हे नाचणं नाही, काका. तिचा गुडघा दुखतोय. पाय टेकला की कळ जाते, म्हणून मान उचलते."

पुंजाजीचं तोंड एवढंसं झालं. त्याने तिथल्या तिथे नवरदेवाला खाली उतरवलं आणि पायी मांडवात धाडलं. नवरदेवाची आई फणफणली, पण ऐकतो कोण!

सांधा आतून सुजला होता. लेप झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, उतार पडेना. शेवटी मनालीने साखरीला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे गुंगी देऊन, उभ्या उभ्याच, तिच्या गुडघ्यावर तीन वेळा किरणं सोडली. कॅन्सरवर देतात तीच, पण अगदी थोडी; त्याने सूज निवते.

"गुण यायचा तर दीड महिन्यात येईल," मनाली म्हणाली. "नाही आला, तर तिच्या पाठीवर परत कुणी बसायचं नाही."

साखरी घरी आली तशी पुंजाजीची बायको पुष्पाबाई दारातूनच ओरडली, "अवो, हात नका लावू तिले! अंगात किरणं हायेत म्हणे!"

"काही राहत नाही अंगात. डॉक्टरीणबाईनं सांगतलं. तुले माह्यापासूनच दूर राह्याचं असंन, तर तसं सांग ना!"

दीड महिना पुंजाजी रोज सकाळी साखरीच्या मानेकडे बघत राहिला. कमी हलते की आपल्यालाच तसं वाटतं? ज्या डोळ्यांनी दुखण्याला नाच म्हटलं, त्यांचा त्याला भरवसा उरला नव्हता.

मनाली तपासायला आली आणि तिने साखरीला डांबरी सडकेवर पळवायला सांगितलं. दोर धरून पुंजाजी पुढे धावू लागला. मागे वळून बघायची छाती होईना.

"काय दिसून राह्यलं, बाई?"

"मान सरळ आहे! काका, एकदम सरळ!"

ऐकलं मात्र, पुंजाजी गर्रकन मागे वळला आणि हातातला दोर सुटला. साखरी उधळली ती थेट हरभरा काढलेल्या वावरात, शेपूट वर करून, सातपुड्याच्या दिशेने.

"धरा बे तिले! धरा!" पुंजाजी ओरडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

वावरातले दोघं हात पसरून तिला अडवायला धावले. तसा तो आणखी जोरात ओरडला, "सोडा बे, सोडा! पळू द्या तिले!"